घरातून ओ आली पाहिजे

माझे सासरे देवराव, मी त्यांना मामाजी म्हणते, एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण कंडक्टरपण काही अंगातून गेलं नाही. घरात दोन माणसं दारात उभी राहून बोलताना दिसली की म्हणणार, "दारात गर्दी करू नोका, मागं सरका." जेवताना पुरे म्हणायचं असलं तर चमचा ताटाच्या काठावर एकदा वाजवणार. दोनदा वाजला तर वाढत राहायचं. लग्न होऊन नवी आले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. त्यांनी एकदा वाजवलं, मी आणखी भाकरी वाढली, आणि ते माझ्याकडे असे पाहत राहिले की जशी काही मी धावत्या गाडीतून उडी मारली.

आम्ही ख्रिस्ती माणसं. माझं माहेर अकोल्याचं, सासर दर्यापूरचं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमची मंडळी गात गात गावातून फिरते, तो फेरा मामाजींचे वडील डोमाजी यांनी सुरू केला. डोमाजी मिशनच्या बंगल्यावर माळी होते. शिकलेले नव्हते, पण बायबल ऐकून ऐकून पाठ. ते म्हणायचे, बेथलेहेमात दारं काय कमी होती? योसेफानं हाका मारल्याच असतील. ओ एकाही दारातून आली नाही. म्हणून आमच्या फेऱ्याचा नियम असा की दारासमोर उभं राहायचं, घरधन्याच्या नावानं तीन हाका मारायच्या, आतून कोणी "आहे, या" म्हटलं की मगच गाणं म्हणायचं. ओ घरातून आली पाहिजे. गाणंही डोमाजींनीच रचलेलं, त्यात गव्हाणीतल्या भुशाला आमच्याकडचं कुटार:

कुटारावर निजला राजा, वारा सुटला गार
वाट चुकली आमची बाई, उघड जरा दार

पुढे काय झालं, आमची माणसं शिकली. कोणी नर्स झालं, कोणी मास्तर. अमरावती, नागपूर, पुणे, जिकडे नोकरी तिकडे गेली. घरं विकली. आता गावात ख्रिस्ती घरं चारच उरली. पण मामाजींचा फेरा काही लहान झाला नाही. "थांबा असला की गाडी थांबते," ते म्हणत. "उतरनारा असो का नसो." आणि थांब्याचं नाव तरी कोण बदलतं? सॅम्युएल मास्तरांच्या घराच्या जागी भगवंतरावांचं कृषी केंद्र झालं, तिथे बियाणं आणि खतं मिळतात. मामाजी तिथेही सॅम्युएल मास्तरांच्याच नावानं हाक मारत. पहिल्या वर्षी भगवंतराव बाहेर येऊन म्हणाले, "इथं सॅम्युएल मास्तर रायत नाईत जी."

"मले माहीत आहे. त्याइच्या मयतीले मीच होतो," मामाजी म्हणाले, आणि पुन्हा हाक मारली.

गिऱ्हाइकं जमली. एकानं विचारलं, कोण हरवलं? शेवटी भगवंतराव कंटाळून आत गेले आणि आतून ओरडले, "आहे, या." तेव्हापासून वर्षातून एक संध्याकाळ ते सॅम्युएल मास्तर असतात. आता तर त्यांना त्याची इतकी सवय झाली की मागे एकदा मला बाजारात थांबवून विचारलं, "आमच्या मुली पुन्याले बऱ्या आहेत न?" त्यांना मुली नाहीत. सॅम्युएल मास्तरांना होत्या.

फेऱ्याचा शेवटचा थांबा आमचं घर. मामाजी त्याला डेपो म्हणत. तिथे हाक माझ्या सासूबाईंच्या नावानं असायची, पार्बताबाई. कारण मामाजी स्वतः बाहेर. सासूबाई फेऱ्यात एकदाच गेल्या होत्या. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला त्या गायल्या आणि मामाजींनी अर्ध्या वाटेत त्यांना अगदी प्रेमानं सांगितलं, की घरात कोणीतरी ओ द्यायला पाहिजे, ते मोठं काम आहे. सासूबाईंना कळलं होतं. "माहा आवाज फाटका, म्हून मले घरात कोंबलं," असं त्या मला भाकरी थापता थापता सांगत. पण ओ त्यांनी एकही वर्ष चुकवली नाही. आतून "आहे, या" म्हणायच्या, गाणं पुरं होईस्तोवर थांबायच्या, आणि दार उघडून दरवर्षी तेच बोलायच्या, "इतका उशीर काहून केला? चाय आटून गेली."

सासूबाई यंदा पोळ्याच्या आधी वारल्या.

त्यानंतर नाताळ जवळ आला आणि आमचे नवे पाळकसाहेब मंडळीच्या सभेत उभे राहिले. ते नगरकडचे, तरुण, स्वभावानं चांगले. म्हणाले, "देवरावकाका, आपली घरं चार. आपण गातो गावभर. मागच्या वर्षी म्हणे आपण एटीएमसमोर उभं राहून गायलो. रात्रीच्या उपासनेला मंडळी दमून येते. याचा काहीतरी विचार व्हावा."

मामाजी उठले. मला वाटलं, आता भांडण. पण ते शांतपणे म्हणाले, "ज्या दारातून ओ येनार नाई, थे दार पुढच्या वर्षीपासून सोडून देऊ. मंग त्यात आपलं-परकं काई नाई. नियम म्हणजे नियम."

पाळकसाहेबांना ते पटलं. त्यांना वाटलं, निम्मे थांबे तरी गळतील. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी मामाजींकडे पाहत होते. ते खाली बसले आणि मग त्यांचा हात मांडीवरच्या खंजिरीवर तसाच राहिला. आपण कोणतं दार सोडून बसलो हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं असावं. माझ्या तर ते बोलत होते तेव्हाच आलं होतं.

घरी आम्ही त्यावर बोललो नाही. मी शंकरपाळे तळले. माझा नवरा किशोर ढोलकीला दोरी ओढत बसला. मुलगी खुशी हिनं बांबूच्या काडीवर चांदणी बांधली, आत दिव्यांची माळ घातली. एकदा किशोर म्हणाला, "बाबा, आपल्या घरी अबोली थांबली तर?" अबोली म्हणजे मी.

"वरची पट्टी कोन धरीन मंग? तू?" मामाजी म्हणाले, आणि खंजिरीवर एकदा वाजवलं. एकदा म्हणजे गाडी थांबली. विषय संपला.

उन्हं उतरायच्या आत आम्ही निघालो, कारण मामाजींना अंधारात कमी दिसतं. पहिली तीन दारं आमचीच होती, तिथे काही अडचण नव्हती. चौथं दार सॅम्युएल मास्तरांचं.

कृषी केंद्राचं शटर पूर्ण खाली ओढलेलं. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बंद दिसतंय." मामाजींनी हाक मारली. "सॅम्युएल मास्तर." आतून लगेच घुमल्यासारखा आवाज आला, "आहे, या." यंदा नियम कडक झाल्याचं भगवंतरावांच्या कानावर गेलं होतं, म्हणून ओ घरातून आली नाही असं कोणाला म्हणता येऊ नये यासाठी ते शटर ओढून आत बसले होते. आम्ही गाणं म्हटलं. गाणं संपलं तरी शटर वर जाईना.

"अडकलं जी," आतून आवाज आला. "तुमी आनखी एक म्हना तोवर."

आम्ही तेच गाणं पुन्हा म्हटलं. किशोरनं ढोलकी ठेवून बाहेरून शटर उचललं, पाळकसाहेबांनी हात लावला, आणि भगवंतराव युरियाच्या पोत्यांमधून घामाघूम होऊन बाहेर आले. आले ते घरी गेलेच नाहीत. म्हणाले, "यंदा मी पाहतोच कोन ओ देत नाई थे."

पुढचा थांबा एस्तेरबाई नर्स. त्यांच्या घराच्या जागी आता एटीएम आहे. तिथे नागसेन नावाचा चौकीदार होता, तोच दरवर्षी एस्तेरबाईंच्या वतीनं ओ द्यायचा, आणि देताना उठून उभा राहायचा. पण मधल्या काळात एटीएमवरचे चौकीदार काढले आणि नागसेन अकोल्याला एका गोदामावर लागला. आता तिथे फक्त कॅमेरा. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

आत एक माणूस पैसे काढत होता, पाठ आमच्याकडे. मामाजींनी खंजिरी वाजवली आणि कंडक्टरच्या आवाजात हाक मारली, "एस्तेरबाई." माणूस दचकला. मागे वळून पाहतो तो काचेबाहेर ढोलकी, झांजा, चांदणी आणि पांढऱ्या झग्यातले पाळकसाहेब. "एस्तेरबाई," मामाजी पुन्हा म्हणाले. त्यानं कार्ड छातीशी धरलं. तिसऱ्या हाकेला त्याचे ओठ हलले. आवाज काचेतून बारीक आला, पण आला, "हाव. हाव. आहे."

"या म्हना," भगवंतराव काचेजवळ जाऊन म्हणाले.

"या," तो माणूस रडवेला होऊन म्हणाला.

ही ओ धरायची की नाही यावर थोडा वाद झाला. पाळकसाहेब म्हणाले, हा माणूस घाबरून बोलला. मामाजी म्हणाले, "घाबरून तिकीट काढलं तरी तिकीटच असते." आम्ही गायलो. तो माणूस आतच उभा राहून ऐकत होता. दुसऱ्या कडव्याला त्यानं टोपी काढली.

गाणं संपतं न संपतं तोच स्टँडाकडून नागसेन धावत आला. जीप उशिरा भरली म्हणून उशीर झालेला. अकोल्याहून खास एक ओ द्यायला आलेला. त्यानं काचेतल्या माणसाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

"यानं देली?"

"देली," मामाजी म्हणाले. "थांबा झाला."

"मी गोदामावर बदली मानूस ठेवून आलो, काका."

"एका थांब्यावर गाडी दोनदा लागत नाई, नागसेन."

मनातून फार लागलं त्याला. पण परतीच्या जीपला वेळ होता, तोही आमच्यामागे चालू लागला. आणि तो टोपीवाला माणूसही, का ते त्यालाच माहीत.

बार्नबस ड्रायव्हरच्या घराचा तर आता नुसता प्लॉट आहे. काळी माती, बाभूळ आणि एक मोबाईलचा टॉवर. प्लॉट रविकांत वकिलांनी घेतला. पहिल्या वर्षी मामाजींनी रिकाम्या प्लॉटला इतका वेळ हाका मारल्या की शेजाऱ्यांनी वकिलांना फोन केला. तेव्हापासून वकीलसाहेब नाताळच्या आदल्या दिवशी स्कूटरवर घडीची खुर्ची घेऊन येतात, प्लॉटात बसतात, ओ देतात आणि जातात. ब्राह्मण माणूस, सोवळं-ओवळं पाळणारं घर, पण या कामाला कधी नाही म्हटलं नाही. यंदा पाळकसाहेबांनी त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं, "वकीलसाहेब, इथे घर नाही, दार नाही. ओ दारातून कशी येणार?"

आम्ही पोचलो तर प्लॉटाच्या मधोमध दार उभं होतं. चौकटीसकट, जुनं सागवानी, विटांच्या टेकूवर. वकिलांनी आपल्या वाड्यातलं मागचं दार काढून हातगाडीवर आणलं होतं. दाराच्या दोन्ही बाजूंनी टॉवर दिसत होता, स्कूटर दिसत होती, आणि दारामागे खुर्चीत बसलेले वकीलसाहेबही पूर्ण दिसत होते. ते आम्हाला दिसत नाहीत असं धरून चाललो.

"बार्नबस ड्रायव्हर," मामाजींनी हाक मारली.

"आहे, या," वकीलसाहेब म्हणाले. उठले, कडी काढली, दार उघडलं. एक शेळी त्यांच्या आधी दारातून बाहेर आली.

"प्लॉट माझ्या नावावर," गाणं झाल्यावर त्यांनी पाळकसाहेबांना समजावलं, "पण या संध्याकाळपुरता ताबा बार्नबसचा. आमची काही हरकत नाही."

पाळकसाहेब हसले. मग त्यांनी झग्याची बाही सावरत कपाळ पुसलं. त्यांच्या ध्यानात आलं असावं, की एकही दार गळणार नाही.

आणि खरंच गळलं नाही. जुन्या कंपाउंडरच्या घरात आता सोयाबीनचं गोदाम आहे, तिथून हमालांनी एका सुरात ओ दिली. घरोघर बायबल सांगणाऱ्या सुवार्तिकबाईंच्या घरात आता एक चाचा राहतात, ते नमाजाहून परतून वाटच पाहत होते. दर दारातून माणसं निघत आणि आमच्या मागे लागत. कोणाला कोणी बोलावलं नव्हतं. मामाजी सगळ्यात पुढे, दर थांब्यावर खंजिरी एकदा, निघताना दोनदा. पण जसजसं आमचं घर जवळ येऊ लागलं तसतशी त्यांची चाल कमी झाली. मी मागून पाहत होते. चावी माझ्याच कमरेला होती आणि ती मला चटके देत होती.

फाटकाशी येऊन मामाजींनी एकदा वाजवलं. सगळे थांबले. घरात अंधार. ते दाराकडे पाहत उभे राहिले, हाक मारीनात.

पाळकसाहेब पुढे झाले. "काका, हे तर आपलंच घर. हाक राहू द्या. आपण तसंच गाऊ."

"पासवाल्यालेही पास दाखवाच लागते," मामाजी म्हणाले.

नागसेन मागून म्हणाला, "काका, माही ओ शिल्लक आहे. मी देऊ का?"

"तू एस्तेरबाईचा आहे."

"मंग मी देतो," भगवंतराव म्हणाले.

"तुमची खर्च झाली."

वकीलसाहेब घसा साफ करून म्हणाले, "कायद्यानं पाहिलं तर वारसाला ओ देता येते. सूनबाई आहेत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामाजींनी नाही पाहिलं. "तिचा आवाज गान्याले लागते," ते म्हणाले. मग हळू म्हणाले, "किशोरच्या मायची ओ दुसऱ्या कोनाच्या तोंडून मले ऐकवनार नाई, वकीलसाहेब. बाकीच्याइचं मी सगळ्या गावाकून करून घेतलं. मले नाई होत." आणि खंजिरी वर उचलली. "हे दार सुटलं. नियम म्हणजे नियम."

खंजिरी दोनदा वाजली असती तर संपलं होतं. दोनदा वाजवल्यावर त्यांनी पुन्हा थांबवलेली गाडी मी अजून पाहिलेली नाही. मी जाऊन त्यांच्या हातातली खंजिरी धरली. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना असं अडवत होते.

"मामाजी, ही चावी घ्या. तुमी आत जा."

"मी बाहेर असतो."

"यंदा आत असा. हाक मी मारते."

"मले कुठं येते ओ द्याले?"

"इतकी वर्षं ऐकली न तुमी. मंग?"

ते माझ्याकडे पाहत राहिले, तसेच, ताटावर एकदा वाजवल्यावर भाकरी वाढली होती तेव्हासारखं. मग त्यांनी चावी घेतली, कुलूप काढलं, आत गेले आणि दार लावून घेतलं.

आमच्यात सून सासूचं नाव तोंडानं घेत नाही. मी इतक्या वर्षांत कधी घेतलं नव्हतं. गल्लीभर माणसं, हमाल, चाचा, एटीएमवाला, शेळीसुद्धा आलेली. मी मनात प्रभूचं नाव घेतलं आणि हाक मारली.

"पार्बताबाई."

काही नाही. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला, भांडं असावं.

"पार्बताबाई."

लाइटही लागला नाही. खुशीनं माझा पदर धरला. नागसेन पुटपुटला, "मी तयार आहे हां."

"पार्बताबाई," मी तिसऱ्यांदा म्हटलं, आणि माझा आवाज फाटला. सासूबाईंसारखाच.

बराच वेळ गेला. मग आतून, खोल, जाड, स्टँडावर अकोला अकोला ओरडून घट्ट झालेल्या आवाजात आलं, "आहे. या."

आता गाणं कोण उचलणार? मामाजी आत. भगवंतरावांनी उचललं, आणि इतकं वर उचललं की किशोरची ढोलकी दोनदा चुकली. पण सगळ्यांना ते येत होतं. दरवर्षी आपापल्या दारातून ऐकून सगळ्या गावाचं पाठ झालं होतं, हे आम्हाला त्या संध्याकाळी कळलं. तिसरं कडवं आमच्याही अर्ध्या माणसांना येत नाही, ते नागसेननं एकट्यानं पूर्ण म्हटलं. पाळकसाहेब डोळे मिटून गात होते.

गाणं संपलं. दार उघडलं. मामाजी चौकटीत उभे होते, मफलर कानावर, एका हातात गाळणी.

"इतका उशीर काहून केला?" ते म्हणाले. "चाय आटून गेली."

कोणी हसलं नाही. मग भगवंतरावांना हसू आलं, मग सगळ्यांनाच. मामाजी पण हसले आणि गाळणीच्या हातानं डोळे पुसले. "दारात गर्दी करू नोका," ते म्हणाले. "मागं सरका, मागं सरका. सगळे आत या."

मी घाईनं स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटलेला, वर सासूबाईंचं मोठं पातेलं ठेवलेलं. ओ द्यायला म्हणूनच उशीर लागला होता. आधी चहा व्हायला पाहिजे होता ना. पातेल्यात पाणी नव्हतं, पत्ती नव्हती, काही नव्हतं. नुसतं लाल व्हायला आलं होतं. मी ते उतरवलं आणि दुसरं चढवलं.

बाहेर माणसं खोलीत मावत नव्हती. पाळकसाहेब उपासनेची वेळ सांगायला तोंड उघडत होते, तर त्यांच्या तोंडात कोणीतरी शंकरपाळा दिला. नागसेन मामाजींच्या जवळ बसला होता.

"काका, माही यंदाची ओ बाकी राह्यली न. पुढच्या वर्षी मी दोन देईन."

मामाजींनी कप खाली ठेवला आणि विचार केला.

"पाहू," ते म्हणाले. "कोनता थांबा रिकामा झाला तं."